रात्रीचे बारा आणि साठ संगणक

मधल्या सुट्टीची घंटा झाली, की शाळेतल्या पाण्याच्या नळावर झुंबड उडते. दहा मिनिटांनी पाहावे, तर तिथे कोणीच नसते. नळ तोच, मुलेही तीच. अडचण होते ती सर्वांनी एकदम येण्यामुळे. संगणकांचेही असेच होते.

इतर संगणकांना माहिती व सेवा पुरवणाऱ्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. माहितीची राखीव प्रत काढणे, जुन्या नोंदी पुसणे ही कामे तो ठरलेल्या वेळी आपोआप करतो. युनिक्स प्रणालीत त्यासाठी ‘क्रॉन’ नावाची आज्ञावली असते. तिला मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार सांगून ठेवायचे. पुष्कळ जण मिनिट शून्य, तास शून्य असे लिहून मोकळे होतात. म्हणजे रात्रीचे ठीक बारा!

आता एक हिशोब करू. समजा, ६० सर्व्हर आपापली प्रत एकाच साठवण-यंत्राकडे पाठवतात. एकाच सर्व्हरचे काम चालू असेल, तर ते ३० सेकंदांत संपते. साठही जणांनी एकदम सुरुवात केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला यंत्राच्या वेगाचा साठावा भाग येईल. मग प्रत्येकाला ३० × ६० = १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास लागेल.

खरा धोका पुढेच आहे. ‘पाच मिनिटांत काम झाले नाही, तर ते सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे’ असा नियम सर्व्हरना घालून दिलेला आहे असे समजा. पाच मिनिटांत प्रत्येकाचे काम फक्त एकषष्ठांश झालेले असेल. बारा वाजून पाच मिनिटांनी साठही जण काम टाकतील आणि पुन्हा एकदमच सुरुवात करतील! यंत्र रात्रभर राबेल, पण सकाळी एकही प्रत पूर्ण नसेल. नेमका त्याच दिवशी एखादा सर्व्हर बिघडला, तर त्यातली माहिती कायमची गेली.

उपाय मात्र सोपा आहे. पहिल्याने बाराला, दुसऱ्याने बारा वाजून एक मिनिटाने, तिसऱ्याने दोन मिनिटांनी, असे क्रमाने काम सुरू करावे. प्रत्येकाचे काम अर्ध्या मिनिटात उरकेल. उरलेले अर्धे मिनिट यंत्राला विश्रांती. एक वाजण्यापूर्वी सर्व प्रती तयार! एकूण काम तेवढेच, म्हणजे १८०० सेकंदांचे; नवे यंत्रही घ्यावे लागले नाही.

सर्व्हर शेकडो असतील, तर वेळापत्रक हाताने करणे कठीण. अशा वेळी सर्व्हरच्या नावावरून एक संख्या काढतात, तिला ६० ने भागतात आणि बाकी उरेल ते त्याचे मिनिट ठरवतात. काम फसलेच, तर प्रत्येकाने वेगवेगळा, यदृच्छेने निवडलेला वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. हवाई विद्यापीठात १९७१ साली सुरू झालेल्या ‘अलोहा’ या रेडिओ-जाळ्यात हीच युक्ती वापरली होती. दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर दोन्ही केंद्रे निरनिराळा वेळ थांबून संदेश पुन्हा पाठवीत.

वर्गात करून पाहा: ० ते ५९ आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. प्रत्येकाने एक चिठ्ठी काढून आकडा फळ्यावर लिहावा आणि चिठ्ठी परत टाकावी. काही आकडे दोनतीनदा येतील, काही येणारच नाहीत. पण सर्वांना एकच आकडा आला, असे कधी घडते का?