गॅरेजमधले विमान आणि बांधणाऱ्याचे कान

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात शनिवारी सकाळी गॅरेजचे दार उघडे दिसते, पण मोटार मात्र बाहेर पावसात भिजत असते. आत लांबलचक टेबलावर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा पंख ठेवलेला असतो. त्याच्या भोकाभोकांत स्प्रिंगचे छोटे चाप लावलेले असतात आणि नवरा-बायको पंखाच्या दोन बाजूंना उभे असतात. एकाच्या हातात हवेवर चालणारी रिव्हेट गन असते. दुसऱ्याच्या हातातला पोलादी ठोकळा रिव्हेटच्या मागच्या टोकाला टेकवलेला असतो. दोन सेकंद तडतड होते, मग शांतता, मग पुढचे भोक. विमान उडायला तयार होईपर्यंत असे हजारो वेळा होते.

हा वेडेपणा नाही, तिकडे तो रीतसर छंद आहे. 'एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली. तिचा मेळा दर जुलैत ऑशकॉश गावी भरतो. अमेरिकी कायद्याची अट अशी की, विमानाचे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले पाहिजे. पत्रे कापून, भोके पाडून आलेले सुटे भाग, म्हणजे किट, विकत घेता येते. जोडणी मात्र घरी करायची. ओरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या किटमधून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. दोन माणसांच्या विमानाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्याची त्यात पाच-सात वर्षे जातात.

मराठी वाचकाला यावर कॅप्टन अमोल यादव आठवतील. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. ते किटचे नव्हते, आराखडाही त्यांचा स्वतःचा होता. पण राहत्या घरालाच कारखाना करायचा, हे दोन्हीकडे सारखे.

डॉक्टरच्या कपाळाला आठी पडते ती इथेच. हा माणूस विमानाच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असतो. प्रत्येक रिव्हेटचे डोके गेजने मोजतो, एक वाकडा बसला तर ड्रिलने काढून पुन्हा बसवतो. स्वतःच्या शरीराचे मोजमाप मात्र कुणीच करत नाही. विमानाच्या कारखान्यात आवाज मोजतात, हवा तपासतात, कामगाराच्या कानांची वरचेवर तपासणी होते. कामगारांच्या सुरक्षिततेचा अमेरिकी कायदा १९७० पासून आहे, पण तो नोकरीतल्या माणसासाठी. आपल्याच गॅरेजमध्ये मालक, कामगार आणि निरीक्षक एकच असतो, आणि निरीक्षकाला शनिवार-रविवारी वेळ नसतो.

म्हणून वर्कशॉप थाटण्याचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे. टेबल कुठे, कॉम्प्रेसर कुठे, पंखा कोणत्या भिंतीत, घराकडे उघडणारे दार बंद राहणार की नाही, हे गॅरेज रिकामे असतानाच ठरते. एकदा पंख मध्ये पसरला की पुढची पाच वर्षे कॉम्प्रेसर जागचा हलत नाही.

सुरुवात कानापासून. पोकळ पंखावर रिव्हेट गन चालते तेव्हा सगळा पत्रा ढोलासारखा वाजतो आणि आवाज ११० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेची 'नायॉश' ही व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. याच हिशेबाने ११० डेसिबलला दिवसभरात दीड मिनिट मिळते. एका रिव्हेटला दोन सेकंद धरले, तर उघड्या कानाचा दिवसाचा वाटा पंचेचाळीस रिव्हेटमध्ये संपला. एका पंखात शेकड्यांनी रिव्हेट असतात. 'मी थोडाच वेळ गन चालवतो' हे म्हणणे खरे असते, पण त्या थोड्या वेळाची बेरीज कुणी केलेली नसते.

अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. ध्वनीची लाट त्यांना हलवते आणि त्या हलण्याचा संदेश मेंदूकडे जातो. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्यामुळे माणसाला ऐकू येणे कमी झाले असे वाटतच नाही. बोलणे ऐकू येते, फक्त शब्द नीट कळत नाहीत. 'स' आणि 'श' निसटतात, गर्दीत समोरच्याचे बोलणे लागत नाही, रात्री शांततेत कानात शिट्टी वाजते. 'बायको हल्ली पुटपुटते' ही तक्रार घेऊन येणाऱ्या पुरुषांचे ऑडिओग्राम पाहिले, तर बऱ्याचदा पुटपुटणारी निर्दोष निघते.

हे ज्ञान नवे नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिसमधले तांबट दिवसभर तांबे ठोकून बहिरे होतात, अशी नोंद त्यात आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जो कधी कामाच्या वेळी गेला असेल, त्याला रामाझिनी काय ऐकत उभा राहिला असेल ते वेगळे सांगायला नको. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, हा रामाझिनीचा सल्ला आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतात. आता छंदही विचारायला हवा.

उपाय साधा आहे, म्हणूनच टाळला जातो. कानात फोमचे बोळे आणि वरून मफ, असे दुहेरी संरक्षण रिव्हेट लावताना हवे. मफ कपाटात ठेवू नयेत, रिव्हेट गन टांगायच्या खिळ्यावरच टांगावेत, म्हणजे ते उचलल्याशिवाय गन हातात येत नाही. ठोकळा धरणाऱ्यालाही तेच संरक्षण हवे. त्याचे डोके अनेकदा विमानाच्या पोटात असते आणि आवाज तिथे जास्त घुमतो. 'बाबांचे विमान' बघायला आलेल्या मुलाच्या मापाचा मफही आणून ठेवावा, नाहीतर त्याला बाहेर पाठवावे. कॉम्प्रेसर शक्यतो गॅरेजबाहेर हवा खेळेल अशा खोक्यात किंवा भिंतीपलीकडे ठेवून फक्त नळी आत आणावी.

रिव्हेट गनचा हादरा हातालाही बसतो. अॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टर बाईंनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डचे दगड फोडणारे कामगार तपासले. हवेवर चालणाऱ्या हातोड्याने आणि थंडीने त्यांची बोटे पांढरी फटक पडत होती, बधिर होत होती. घरी विमान बांधणारा त्यांच्या मानाने फारच कमी वेळ यंत्र धरतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाने बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर दुर्लक्ष करू नये, आणि गारठलेल्या गॅरेजमध्ये गार हातांनी काम सुरू करू नये.

आता हवा. अॅल्युमिनियमचा कीस डोळ्यांत जातो, पायात घुसतो, मोज्यांना चिकटून दिवाणखान्यात येतो आणि रांगणाऱ्या बाळाच्या तळहातात सापडतो. वर्कशॉपच्या चपला आणि कपडे दाराशीच ठेवले की हा प्रश्न बहुतेक सुटतो. खरा धोका डबाबंद येतो. पत्रा गंजू नये म्हणून आत लावायच्या प्रायमरमध्ये जुन्या पद्धतीत क्रोमेट असते. त्यातल्या षट्संयुजी क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, यावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शिक्कामोर्तब केलेले आहे. प्रायमर लावावा की नाही, हा या मंडळींत न संपणारा वाद. बहुतेक पत्र्यांवर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर मुळातच असतो आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या कित्येकांना तो पुरतो. ज्यांना प्रायमर हवाच, त्यांनी क्रोमेट नसलेला शोधावा. तोही ब्रशने लावला तर हवेत कमी उडतो.

रंगाची गोष्ट याहून गंभीर आहे. विमानाला चकचकीत, टिकाऊ रूप देणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात जो कडक करणारा घटक मिसळतात, त्यात आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. रंगातला पदार्थ तो नव्हे आणि तसा वायूरूपही नव्हे, पण फवारताना त्याचे थेंब श्वासातून आत जातात. काही लोकांचे शरीर त्याला एकदा 'ओळखते' आणि मग दमा सुरू होतो. त्यानंतर अगदी थोडी मात्राही धाप लावायला पुरते. दुसऱ्याने शेजारच्या शेडमध्ये फवारलेला रंगही चालत नाही. वासावरून सावध व्हावे तर तेही नाही, कारण वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून साध्या कोळशाच्या मास्कवर भिस्त न ठेवता बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरावा, असा सल्ला दिला जातो. डॉक्टरला विचाराल तर सरळ सल्ला असा: रिव्हेट स्वतः ठोका, तारा स्वतः ओढा, रंग मात्र फवारणीची बंदिस्त खोली असलेल्या व्यावसायिकाकडून लावून घ्या. कायद्यातला निम्म्याहून जास्त कामाचा हिशेब त्याने बिघडत नाही. खर्च वाढतो, हे खरे.

सगळीच विमाने पत्र्याची नसतात. बर्ट रुटान यांनी १९७०च्या दशकात फोम, काचतंतू आणि इपॉक्सी वापरून बांधायच्या विमानांचे आराखडे विकायला काढले आणि गॅरेजमध्ये रिव्हेट गनऐवजी चिकट भांडी दिसू लागली. इपॉक्सीची अॅलर्जी मनगटावरच्या खाजेपासून सुरू होते. आज खाज, उद्या पापण्यांना सूज. अशा अॅलर्जीमुळे अर्धवट विमान सोडून द्यावे लागलेले लोक आहेत. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत, खाज सुटल्यावर नव्हे. आणि हाताला लागलेला इपॉक्सी अॅसिटोनने पुसण्याची सवय तर मुळीच नको. तो पातळ होऊन कातडीत अधिक सहज शिरतो. साबण-पाणी बरे.

गॅरेज घराला चिकटून असेल तर तिथली वाफ स्वयंपाकघरापर्यंत जाते. मधल्या दाराच्या फटी पट्टी लावून बुजवाव्यात आणि पंखा असा बसवावा की हवा गॅरेजमधून बाहेर ओढली जाईल. पंखा आतल्या बाजूला ढकलत असेल तर सगळा वास घरात. कडाक्याच्या थंडीत मात्र नेमके उलटे घडते. दारे गच्च बंद होतात आणि गॅस किंवा रॉकेलचा हीटर पेटतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके जड होणे, मळमळणे, ही लक्षणे रात्री अकराला थकवा म्हणून खपून जातात. त्याची सूचना देणारे यंत्र गॅरेजमध्येही लावावे आणि घरातही. शिवाय द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. अमेरिकी गॅरेजमध्ये पाणी तापवायचा बंबही बहुधा तिथेच असतो. पेट्रोलच्या वाफेमुळे आग लागू नये म्हणून त्याची ज्योत जमिनीपासून निदान १८ इंच उंच असावी, असा तिकडच्या बांधकाम संहितेचा नियम आहे. पातळ रसायनाचा डबा उघडण्याआधी ती ज्योत बंदच करावी.

टेबल उभ्या माणसाच्या कोपराच्या किंचित खाली यावे, पायाखाली रबरी चटई असावी. उजेड दोन्ही बाजूंनी हवा, म्हणजे हाताची सावली भोकावर पडत नाही. हा छंद बहुधा चाळिशीनंतर लागतो, पैसा आणि मोकळा वेळ तेव्हा जमतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. दुहेरी भिंगाचा चष्मा लावून डोक्यावरच्या पत्र्यात ड्रिल मारायचे तर जवळचे दिसण्यासाठी मान मागे मोडावी लागते आणि कीस नेमका डोळ्यांवर पडतो. कामाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून त्यावर बंद गॉगल घातला, तर मान आणि डोळे दोन्ही वाचतात. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये. धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली आहे ना, हेही पाहून ठेवावे.

विमान तयार झाले की चाचणी विमानाची होते, आणि माणसाचीही. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत कानाची परीक्षा अगदी घरगुती आहे. शांत खोलीत डॉक्टरकडे पाठ करून सहा फुटांवर उभे राहायचे. मागून डॉक्टर नेहमीच्या आवाजात काही शब्द बोलतात आणि ते समजले पाहिजेत. कुणाला ते जमले नाही, तर श्रवणयंत्र लावून पुन्हा संधी मिळते. मग प्रमाणपत्रावर तशी नोंद होते आणि पाच-सात वर्षे खपून बांधलेल्या आपल्या विमानात बसताना तो माणूस ते यंत्र आधी कानाला लावतो, हेडफोन नंतर.