नॅसची जुनी पेटी आणि तिचा बूटलोडर

परळमध्ये केईएम, टाटा स्मारक आणि वाडिया ही रुग्णालये व हाफकिन संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा परिसरात प्रयोगशाळा चालवायची म्हणजे दररोज माहितीची भर पडत राहते: सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे, मोजमापांचे तक्ते, शीतकपाटांच्या तापमानाच्या नोंदी. आमच्या येथे हे सारे २०११ साली घेतलेल्या एका पेटीत ठेवले जाई. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, आत दोन हार्ड डिस्क आणि मागे नेटवर्कची केबल जोडण्यासाठी एक खाच. अशा पेटीला ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’, थोडक्यात नॅस, म्हणतात. वरवर पाहता ते फाइलींचे कपाट. प्रत्यक्षात तो एक लहानसा संगणकच असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. पण प्रोसेसर आहे, स्मृती आहे आणि बहुतेक वेळा आत लिनक्सही आहे.

या पेटीतील पंखा बदलता येतो, हार्ड डिस्कही बदलता येते. म्हातारे होते ते आतले सॉफ्टवेअर. उत्पादक चार-पाच वर्षे सुधारणा पुरवतो आणि मग थांबतो. पेटी मात्र चालूच असते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या नॅस पेट्या संगणकांशी बोलण्यासाठी ‘एसएमबी’ नावाच्या भाषेची पहिली आवृत्ती वापरत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, ते विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीच्या त्रुटीचा फायदा घेऊन. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १०च्या नव्या प्रतींमध्ये ही जुनी भाषा आपोआप बसवली जाईनाशी झाली. परिणामी नवा संगणक आणला की त्याला जुनी पेटी दिसत नाही. पेटीच्या सोयीसाठी नव्या संगणकात जुनी भाषा पुन्हा चालू करणे म्हणजे एका खोलीची किल्ली हरवली म्हणून साऱ्या चाळीची दारे उघडी टाकणे.

धोका केवळ कागदावरचा नाही. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळाल्या नव्हत्या. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या अशा अनेक पेट्या बाहेरून पुसल्या गेल्या आणि लोकांची वर्षानुवर्षांची साठवण एका रात्रीत नाहीशी झाली.

तेव्हा पर्याय दोनच उरतात. पेटी भंगारात द्यायची, किंवा तिच्यात आजचे सॉफ्टवेअर बसवायचे. हिशेब सोपा आहे. अशी पेटी साधारण १५ वॅट वीज घेते, म्हणजे वर्षभर अखंड चालवली तरी सुमारे १३० युनिट. तिच्या जागी ८० वॅटचा जुना संगणक ठेवला तर वर्षाला ७०० युनिट लागतील. आम्ही दुसरा पर्याय घेतला. त्यातील अवघड भाग लिनक्स बसवण्याचा नव्हता. तो होता बूटलोडर बदलण्याचा.

बूटलोडर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. वीज मिळताच प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, रिकामी असते. एवढेच नव्हे, तर ती वापरताच येत नाही, कारण तिच्याशी किती वेगाने व कोणत्या क्रमाने बोलायचे हेही प्रोसेसरला ठाऊक नसते. मग पहिली आज्ञा तो वाचणार कोठून? यासाठी चिप बनतानाच तिच्यात एक अगदी छोटी आज्ञावली कोरलेली असते. तिला बूट रॉम म्हणतात. ती कोणालाही पुसता येत नाही. बूट रॉम फ्लॅश स्मृतीच्या सुरुवातीला ठेवलेला बूटलोडर शोधते, तो रॅममध्ये आणते आणि सूत्रे त्याच्या हाती देते. बूटलोडर मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, शोधून रॅममध्ये आणतो, त्याला सुरू करतो आणि स्वतः बाजूला होतो.

गिरणगावातील जुन्या मंडळींना हा क्रम ओळखीचा वाटेल. भोंगा झाला की पहारेकरी दरवाजा उघडे. जॉबर कामगार गोळा करी, गैरहजराच्या जागी बदली घेई, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मागावर उभा करी. मग खाते मास्तरच्या देखरेखीखाली चाले. पहारेकरी म्हणजे बूट रॉम, जॉबर म्हणजे बूटलोडर आणि मास्तर म्हणजे कर्नल. जॉबर बदलता येतो. पण तो बदलताना गडबड झाली, तर दरवाजा उघडूनही माग सुरू होणार नाही.

मग जुनाच जॉबर का ठेवू नये? अडचण अशी की नवा मास्तर त्याच्याकडे जे मागतो ते त्याला देता येत नाही. आमच्या पेटीत मार्व्हेल कंपनीचा किर्कवुड मालिकेतील, १.२ गिगाहर्ट्झचा एआरएम जातीचा प्रोसेसर आहे. टेबलावरच्या संगणकात कोणते उपकरण कोठे जोडले आहे हे शोधण्याची सोय असते. या छोट्या यंत्रांत ती नसते. पूर्वी बूटलोडर कर्नलला फक्त एक क्रमांक सांगे, ‘हे अमुक क्रमांकाचे यंत्र’. आणि त्या यंत्राची सारी माहिती कर्नलमध्येच लिहिलेली असे. यंत्रे शेकड्यांनी वाढली तसा हा पसारा आवरेना. म्हणून २०११ नंतर लिनक्सने ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत हळूहळू सर्वत्र लागू केली. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्राचा नकाशा: दिवा कोठे, पंखा कोठे, डिस्कचा नियंत्रक कोणत्या पत्त्यावर. हा नकाशा बूटलोडरने कर्नलच्या हाती द्यायचा असतो. जुन्या बूटलोडरला नकाशा म्हणजे काय तेच माहीत नाही. नकाशा कर्नलच्या शेपटीला जोडून वेळ मारून नेण्याची युक्ती आहे आणि काही पेट्यांत तेवढ्यावर भागते. परंतु आमच्या पेटीतील बूटलोडर कर्नल फक्त फ्लॅशमधील एका ठरावीक, अपुऱ्या जागेतून उचलत होता. डिस्ककडे तो पाहतच नसे. म्हणून तो बदलणे आले.

नवा बूटलोडर शोधावा लागत नाही. ‘यू-बूट’ नावाची आज्ञावली जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी वाढवली. २०००च्या सुमारास तिचे नाव वेगळे होते, २००२ मध्ये ते यू-बूट झाले. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी, हा त्यातला विनोद. तिची मूळ संहिता खुली आहे. उत्पादकाचा बूटलोडरही बहुधा यू-बूटचाच जुना अवतार असतो. अशा पेट्यांत लोकांनी स्वतःचे लिनक्स बसवण्याची परंपराही जुनी आहे. २००४ साली आलेल्या लिंकसिसच्या ‘एनएसएलयू२’ या चिमुकल्या पेटीसाठी डेबियनने २००७ मधील आपल्या चौथ्या आवृत्तीत अधिकृत सोय केली होती. तिची रॅम होती अवघी ३२ मेगाबाइट!

आता धोका नेमका कोठे आहे ते पाहू. बूटलोडर ज्या फ्लॅशमध्ये असतो तिचे वागणे पाटीसारखे नाही. पाटीवरचे एक अक्षर पुसून तेथे दुसरे लिहिता येते. नॅन्ड जातीच्या फ्लॅशमध्ये लिहिणे म्हणजे १ चा ० करणे. ० चा पुन्हा १ करायचा असेल तर अख्खा गट पुसावा लागतो. आमच्या पेटीतील फ्लॅश १२८ मेगाबाइटची, एकेक गट १२८ किलोबाइटचा, म्हणजे एकूण १०२४ गट. बूटलोडरसाठी पहिले आठ गट राखलेले. नवा बूटलोडर बसवताना आधी हे आठ गट पुसायचे आणि मग लिहायचे. या दोहोंच्या मध्ये काही क्षण असे असतात की पेटीत बूटलोडरच नसतो. तेवढ्यात वीज गेली, तर पुढच्या वेळी पहारेकरी दरवाजा उघडून वाट पाहत राहील आणि कोणीही येणार नाही. पेटीची वीट होईल, असे या छंदातले लोक म्हणतात. हिंदमाताला पाणी तुंबण्याच्या दिवसांत आम्ही हे काम हाती घेतले नाही, आणि घेतले तेव्हा पेटी यूपीएसवर होती.

पण विजेची काळजी ही दुय्यम. नवा बूटलोडर या पेटीला जुळतो की नाही, हा खरा प्रश्न. बूटलोडरच्या आरंभी एक मथळा असतो आणि त्यात रॅम कशी चालू करायची याचे आकडे लिहिलेले असतात. दुसऱ्या पेटीचे आकडे घातले तर रॅम चुकीच्या वेगाने चालेल किंवा चालणारच नाही. मग तो पुसण्याआधी तपासायचा कसा?

येथे बूट रॉमचा एक गुण कामी येतो. किर्कवुडची बूट रॉम जागी होताच क्षणभर सिरियल खाचेकडेही कान देते. त्या क्षणी बाहेरून आठ बाइटची एक ठरावीक खूण आली, तर ती फ्लॅशकडे न जाता बूटलोडर त्याच तारेवरून मागते. ही खूण पाठवण्याचे काम यू-बूटबरोबर येणारी ‘केडब्ल्यूबूट’ ही आज्ञावली करते. म्हणजे फ्लॅशला हातही न लावता नवा बूटलोडर सरळ रॅममध्ये पाठवून चालवून पाहता येतो. आणि पुढे फ्लॅशमधले सारे बिघडले, तरी याच वाटेने पेटी पुन्हा जागी करता येते. आमचा नियम असा: ही वाट चालते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुसण्याची आज्ञा द्यायची नाही. या मालिकेतील काही सुरुवातीच्या चिपांत ही सोय नीट चालत नाही, म्हणून तर पाहणे जरुरीचे.

यासाठी पेटी उघडून आतील सिरियल पिना शोधाव्या लागतात आणि यूएसबीला जोडायची एक सिरियल तार लागते. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ती सहज मिळते. तार ३.३ व्होल्टची हवी. जुन्या संगणकाच्या मागच्या सिरियल खाचेतून येणारा व्होल्टेज याहून बराच जास्त असतो आणि तो चिप जाळू शकतो. जोडायच्या तारा तीनच: भूमी, पाठवण्याची आणि घेण्याची. विजेची लाल तार मोकळी सोडायची.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक गणित घालता येईल. बूटलोडर ५१२ किलोबाइटचा, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. तारेचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक बाइटच्या ८ बिटांना आरंभाचा व शेवटचा असे दोन बिट जोडले जातात, म्हणजे एकूण १०. उत्तर येते सुमारे ४५ सेकंद. प्रत्यक्षात मात्र जास्त वेळ लागतो. का? मजकूर १२८ बाइटच्या ४०९६ पुडक्यांत जातो, प्रत्येक पुडक्याला क्रमांक व पडताळणीची जोड असते आणि प्रत्येकाची पोच आल्याशिवाय पुढचे निघत नाही.

बाकीचे काम शिस्तीचे आहे. सर्वात आधी दोन्ही डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकावर त्यांची प्रत केली. मग संपूर्ण फ्लॅशची प्रत पेटीबाहेर ठेवली. जुन्या बूटलोडरच्या नोंदींतून नेटवर्कचा हार्डवेअर पत्ता कागदावर उतरवला. पुसल्यावर तो इतर कोठून मिळेलच असे नाही. नवा बूटलोडर तारेवरून रॅममध्ये चालवला, त्याला डिस्क व नेटवर्क दिसते हे पाहिले. मगच आठ गट पुसले, लिहिले, आणि लिहिलेले परत वाचून मूळ फाइलशी ताडले. ताडून पाहिल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, कारण ती चालू असेपर्यंत चूक सुधारता येते. पुसण्या-लिहिण्याला काही सेकंद लागले, तयारीला तीन दिवस.

त्यानंतर डिस्कवर डेबियनची १२वी आवृत्ती बसवली. नव्या ‘सांबा’मुळे पेटी एसएमबीची तिसरी आवृत्ती बोलू लागली आणि नव्या संगणकांना दिसू लागली. ५१२ मेगाबाइट रॅम या कामाला पुरते. एकमेव प्रत मात्र आम्ही तीत काहीही ठेवत नाही.

ही व्यवस्था कायमची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये या पिढीच्या प्रोसेसरसाठी अधिष्ठापक नाही, किर्कवुडसाठी तयार कर्नलही नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’च्या २४.१० या आवृत्तीत मात्र किर्कवुड आहे. यू-बूट बदललेले असल्याने तिकडे जाताना पेटी पुन्हा उघडावी लागू नये, असा आमचा अंदाज आहे.

शाळेत अशी एखादी पेटी पडून असेल, तर बूटलोडर बदलण्याची घाई नको. नुसती सिरियल तार जोडून पेटी चालू करावी. बूटलोडरचे नाव, रॅमचा आकार, फ्लॅशमधले खराब गट, मग कर्नलच्या शेकडो ओळी, सारे पडद्यावर क्रमाने उमटत जाते. त्यातील प्रत्येक ओळ पहारेकऱ्याची, जॉबरची की मास्तरची, हे विद्यार्थ्यांना ओळखायला सांगावे. पहारेकऱ्याची ओळ शोधताना त्यांची बरीच दमछाक होईल. तो सहसा काही न बोलताच दरवाजा उघडतो.