त्वचेखालचा कोष

1821 साली इंग्लंडच्या गादीवर असलेल्या चौथ्या जॉर्जच्या मस्तकावर केसांच्या आड एक आवाळू वाढले होते, आणि ते काढण्याची कामगिरी जेव्हा अ‍ॅस्टली कूपर यांच्यावर आली तेव्हा, चारच वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या उदरातील महारोहिणी बांधण्याचे धाडस केलेला हा शस्त्रवैद्य त्या क्षुल्लक गाठीपुढे कचरला. त्याचे भय निराधार नव्हते. ईथरची भूल 1846 मध्ये यावयाची होती, लिस्टरची जंतुनाशक पद्धती 1867 मध्ये. आणि मस्तकावरील लहानशा जखमेतून धावरे पसरून रोगी दगावणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. राजाची जखम निर्विघ्नपणे भरून आली व कूपर यांना बॅरोनेटचा किताब मिळाला. एरव्ही त्यांच्या नावलौकिकाचे काय झाले असते, याचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता.

आज हेच काम तालुक्याच्या गावीही, जागेपुरती भूल देऊन, अर्ध्या तासात उरकते. पण ते सोपे झाले म्हणून लोकांना त्याचे मर्म कळले आहे असे दिसत नाही. बोटाखाली किंचित सरकणाऱ्या अशा गोल गाठीस सरसकट चरबीची गाठ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तिच्यातून क्वचित बाहेर येणाऱ्या पांढरट, घट्ट, दुर्गंधियुक्त द्रव्यामुळे त्या समजुतीस बळकटी येते. वस्तुतः ते द्रव्य मुख्यत्वे केराटिन, म्हणजे केस व नखे ज्याची बनतात तेच प्रथिन होय. आपल्या त्वचेचा बाह्य थर सतत नव्या पेशी घडवीत असतो. त्या वर सरकत, वाटेत केराटिनने भरत, अखेर निर्जीव होऊन झडतात, आणि हा सारा क्रम सुमारे महिनाभरात पुरा होतो. ज्या ठिकाणी केसाच्या रंध्राचे मुख बुजते, मुरुमामुळे त्याची मोडतोड होते, किंवा काटा रुतल्याने वा कान टोचताना त्वचेचा एखादा कण आत ढकलला जातो, तेथे हाच थर त्वचेखाली बंदिस्त कोष करून राहतो, आणि कोषाच्या भिंतीचा पृष्ठभाग आतल्या बाजूस असल्यामुळे झडलेल्या पेशींना बाहेर वाट उरत नाही. गाठीच्या माथ्यावर पुष्कळदा दिसणारा काळसर बिंदू हे त्या बुजलेल्या मुखाचे चिन्ह. खऱ्या चरबीच्या गाठीवर, म्हणजे लिपोमावर, तो नसतो.

मस्तकावरील गाठींची जात बहुधा निराळी असते. त्या केसाच्या मुळाभोवतीच्या बाह्य आवरणापासून निघतात, अनेकदा आनुवंशिक असतात, म्हणून एकाच घरात आई, मामा आणि भाचा अशा तिघांच्या डोक्यावर त्या सापडल्या तर नवल नाही. त्यांचे अस्तर चिवट असल्यामुळे शेंगेतून वाटाणा निसटावा तशी ही गाठ अखंड बाहेर येते, आणि शस्त्रवैद्याला असे समाधान क्वचितच लाभते.

आतला साठा कितीही वेळा काढला तरी भिंत शाबूत असेपर्यंत आवाळू शाबूत राहते, हा या प्रकरणातील मुख्य मुद्दा होय. घरी दाबून, पिळून किंवा तापवलेल्या सुईने टोचून गाठ नाहीशी केल्याचा आनंद मानणाऱ्यास काही महिन्यांत ती पूर्ववत झालेली आढळते. तेवढ्यावर निभावले तर उत्तम. कारण दाबाने कोष आतल्या आत फुटला तर केराटिन भोवतालच्या ऊतींत पसरते, शरीर त्यास परके मानून त्यावर तुटून पडते, आणि गाठ लाल, ऊन व ठणकणारी होते. हा दाह पुष्कळदा जंतूंवाचूनच होतो, म्हणून अशा प्रत्येक गाठीवर प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून देण्याची सवय मला समर्थनीय वाटत नाही. जंतुसंसर्गाचा खरा पुरावा असेल तेथे त्या अवश्य द्याव्यात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रंथी व अर्बुद यांची चिकित्सा एकाच अध्यायात सांगितली असून, अर्बुदाचा शेष मागे ठेवल्यास तो पुन्हा वाढतो अशी स्पष्ट ताकीद तेथे आहे. ती ताकीद या निरुपद्रवी कोषासही लागू पडते.

तेव्हा इलाज कोणता? न दुखणाऱ्या, न वाढणाऱ्या गाठीस हात न लावणे हा पूर्णपणे मान्य इलाज आहे, कारण अशा कोषाचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ, आणि कापल्यास व्रण मात्र हमखास राहतो. काढावयाचीच असेल तर ती शांत असताना काढावी. माथ्यावरील काळसर बिंदूसह त्वचेचा लंबगोल तुकडा घेऊन संपूर्ण कोष सोडवून काढणे ही जुनी व खात्रीची रीत. तीन-चार मिलिमीटरचा छेद घेऊन, आतील द्रव्य पिळून, मग रिकामे अस्तर चिमट्याने ओढून काढणे ही नवी रीत चेहऱ्यास अधिक मानवते, मात्र अस्तराची एखादी चिंधी मागे राहण्याचा धोका तीत जास्त. सुजलेल्या गाठीत अस्तर ठिसूळ होऊन आसपास चिकटलेले असते. तेव्हा पू साचला असेल तर तेवढ्यापुरता छेद देऊन तो वाहू द्यावा, किंवा दाह शमविण्यासाठी गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे, आणि कायमच्या शस्त्रक्रियेस महिना-दीड महिन्याची मुदत द्यावी. रोग्यास ही मुदत म्हणजे चालढकल वाटते व तो दुसरा डॉक्टर गाठतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

काही गाठींच्या बाबतीत मात्र थांबणे इष्ट नाही. झपाट्याने वाढणारी, खालच्या भागास घट्ट चिकटलेली किंवा वरची त्वचा फुटून चिघळणारी गाठ लवकर दाखवावी व काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीस पाठवावी. कोवळ्या वयात अंगावर अशा अनेक गाठी येऊ लागल्या तर मोठ्या आतड्यातील मोडांचा आनुवंशिक विकार त्यांच्यामागे असू शकतो. आणि तान्ह्या मुलाच्या नाकाच्या मध्यरेषेवर जन्मतः असलेली गाठ, मग ती कितीही लहान असो, एमआरआय चित्रण केल्यावाचून कोणासही कापू देऊ नये. गर्भावस्थेत चेहऱ्याचे भाग जुळताना अडकून राहिलेल्या त्वचेचा तो कोष असू शकतो, आणि त्याची मुळी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते.