खोल नाणी आणि मामांचे यंत्र
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे तहसील कचेरीतल्या अर्जापासून विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीपर्यंत सगळ्यातले मला कळते, असा घरच्या मंडळींचा गोड समज आहे. गेल्या दिवाळीत मामांनी असाच एक प्रश्न माझ्यापुढे टाकला.

मामांजवळ धातू शोधण्याचे एक यंत्र आहे. जुन्या बाजारातून घेतलेला साधा डिटेक्टर. त्याने त्यांना आजवर बैलांच्या पत्र्या, गंजके नटबोल्ट, एक भोकाचा पैसा आणि व्हिक्टोरिया राणीचा एक पाव आणा एवढेच मिळवून दिले. पाव आणा बांधाजवळ चार बोटांवर होता. "वरच हे, तर खाली किती असंल!" असे मामांचे गणित. उसाचे बिल आले की खोल जाणारे मोठे यंत्र घ्यायचे आणि गावाबाहेरची पांढर धुंडाळायची, असा त्यांचा बेत. "तू इतिहास शिकतीस ना? मग सांग, कुठलं घेऊ?"

त्याच बिलातून माझ्या मामेबहिणीची कॉलेजची फी भरायची आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून प्रश्न हसण्यावारी न नेता मी विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी वहीत आकृती काढून समजावले ते असे.

यंत्राच्या टोकाला जी तबकडी असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट बदलणारी वीज खेळवली की त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत नाणे असेल तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र वर येते, ते दुसरे वेटोळे टिपते आणि आपल्या कानात सूर वाजतो. आता खरी मेख पाहा. नाणे वेटोळ्यापासून जसे दूर जाते तसे त्याच्यापर्यंत पोचणारे क्षेत्र अंतराच्या घनाने घटते आणि परत येणारा जबाबही तसाच घटतो. दोन्ही मिळून सहावा घात! म्हणजे नाणे दुप्पट खोल असेल तर जबाब निम्मा नव्हे, जवळजवळ ६४ वा हिस्सा उरतो. दुप्पट किमतीचे यंत्र दुप्पट खोल जात नाही ते यामुळे. रुपयाएवढे नाणे चांगल्या यंत्रालाही वीतभर, फार तर फूटभर खोलीवर लागते.

दुसरी अडचण आपल्या मातीची. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन झालेल्या या मातीत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि तबकडी फिरताच मातीच बोलू लागते. नुसता जोर वाढवला तर मातीचा आवाजही वाढतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असेच यंत्र घेऊन गेले होते. गोळी डॉक्टरांच्या तर्कापेक्षा खोल आणि भलतीकडेच होती, शिवाय गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. बेल यांच्या हाती काही लागले नाही. आपली काळी माती ही तशीच स्प्रिंगांची गादी समजावी.

तेव्हा यंत्र बदलायचेच तर 'किती फूट' हा आकडा न पाहता मातीचा आवाज हाताने जुळवून वजा करता येतो का, आणि ते एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालते का, हे विचारावे. मोठी तबकडी थोडी अधिक खोल पाहते खरी, पण लहान नाणे तिला नीट जाणवत नाही आणि शेजारचे चार खिळे त्याच्याबरोबर एकच सूर देतात. विजेचे ठोके सोडणारी निराळ्या जातीची यंत्रे मातीला फारशी दाद देत नाहीत व खोलही जातात. परंतु चांदी कोणती आणि खिळा कोणता हे त्यांना धड सांगता येत नाही. पांढरीत खिळ्यांना काय तोटा! दिवसभर खड्डेच खणावे लागतील.

आणि इथेच इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला अडखळायला झाले. नांगराच्या तासातले नाणे आधीच हललेले असते. त्याखालचे मात्र जिथे पडले तिथेच, आपल्या खापरांत आणि राखेत असते. २०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना शेतात सूर लागला. थोडे उकरताच मडके दिसले, तसा त्यांनी हात आवरला आणि जाणकारांना बोलावले. थराथराने रिकामे केलेल्या त्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली. त्यांतली सर्वांत उशिराची, कारॉसियसची नाणी बहुतेक निम्म्याच्या खाली होती. वर्षानुवर्षे साठवलेला गल्ला असता तर ती वर सापडली असती. म्हणजे मडके एकाच वेळी भरले होते. भसाभस उपसले असते तर हे कुणाला कळले असते? आपल्याकडे १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. ती सुटी सुटी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर एका राजाने दुसऱ्याला जिंकल्याचा एवढा मोठा पुरावा वितळला असता.

हे सर्व मी मामांना सांगितले, आणि १८७८ चा निखातनिधीचा कायदाही सांगितला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर काय, कुठे व केव्हा मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसले. यंत्राचा विषय पुढल्या हंगामावर गेला. बिलातून आधी फी भरायची असे मामींनी तिथेच ठरवून टाकले. मग मामांनी कोपरीच्या खिशातून तो पाव आणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याचं आज दहापेक्षा जास्त येत असतील का गं?"

येत असतील, मी म्हटले.

अर्ज मीच लिहून दिला.