बाटलीवर न छापलेला इशारा

अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या कुठल्याही वाइन शॉपमधली बाटली घ्या आणि तिच्यावरचा इशारा वाचा. मद्यपान आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका, एवढंच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनी १ एप्रिल २०१९पासून हा मजकूर सक्तीचा झाला. त्यात गाडी चालवणाऱ्याची काळजी आहे, पोटातल्या बाळाची नाही. अमेरिकेत गरोदरपणाचा इशारा १९८९पासून बाटलीवर आहे, ऑस्ट्रेलियात २०२३पासून.

दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात उतरते. ती मोडून काढण्याइतकं बाळाचं यकृत तयार झालेलं नसतं. गर्भजलातही ती रेंगाळते आणि बाळ तेच पाणी गिळत राहतं. १९८१मध्ये कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरांना सातव्या दिवशी दारू दिली, तेव्हा पिल्लांचे डोळे बारीक आणि वरचा ओठ सपाट निघाला. माणसात हा काळ गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याचा. तेव्हा अनेकदा पाळी चुकल्याचंही बाईच्या ध्यानात आलेलं नसतं.

पण गर्भात दारूचा फटका बसलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर कसलीच खूण नसते. इजा मेंदूला झालेली असते. काल शिकवलेलं आज आठवत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही, राग आवरत नाही. शाळेत 'ढ' किंवा 'वांड' असा शिक्का बसतो आणि उपचाराची वर्षं निघून जातात.

बाटलीवर इशारा आला तरी हातभट्टीच्या पिशवीला लेबलच नसतं, आणि मलंगगडाच्या पट्ट्यात तिच्यावर छापे पडतच असतात. म्हणून खरी जागा दवाखान्याची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं दारूबद्दल विचारायला हवं, मात्र दटावून नव्हे. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी गरोदर असताना पिणाऱ्या बायकांवर कायद्याचा बडगा उगारला, तिथं गरोदरपणातली तपासणीच घटल्याचं अभ्यासांत दिसलं. व्यसनी आईला गुन्हेगार ठरवल्यानं बाळ वाचत नाही.

जन्मलेल्या मुलांचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत गर्भात दारूमुळे झालेली ही इजा नाही. बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमतेच्या रकान्यात मूल बसलं आणि अक्षमता ४० टक्के भरली, तरच कायद्यातल्या बहुतेक सवलती मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीतही तिचं नाव नाही. ही उणीव भरायला नवा कायदा लागत नाही. दिव्यांग कायद्याच्या परिशिष्टात केंद्र सरकारला नुसत्या अधिसूचनेनं नवा प्रकार जोडता येतो.