समुपदेशकाचे सराव पाठ

बी.एड. केलेल्या आपल्यापैकी अनेकांना सूक्ष्म अध्यापनाचे चक्र आठवत असेल. ६ मिनिटांचा पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा ६ मिनिटांचा पाठ आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण. अशी एकूण ३६ मिनिटे. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी बसलेले, आणि सरावाचे कौशल्य एकच : फलकलेखन, नाही तर प्रश्न विचारणे. त्या वेळी हा प्रकार थोडा नाटकी वाटतो. परंतु १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी तयार केलेली ही पद्धत काही वर्षांतच एका वेगळ्या क्षेत्रात गेली. १९६८ मध्ये ॲलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याच धर्तीवर समुपदेशकांचे प्रशिक्षण मांडले. त्यातले पहिले कौशल्य होते ‘लक्ष देणे’. म्हणजे नजर, बसण्याची ढब, आणि समोरच्याने काढलेला विषय मध्येच न सोडणे. ऐकायला सोपे वाटते. करून पाहिल्यावर दहा मिनिटांत घाम फुटतो.

सराव पाठाच्या वेळी वर्गाच्या मागच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन कोणीतरी बसलेले असते. समुपदेशकाच्या खोलीत असा मागचा बाक नाही. दोघेच बसतात, दार लोटलेले असते, आणि बोलणे गुप्त ठेवायचे असते. मग नव्याने शिकणारा समुपदेशक बरोबर बोलतो आहे की चूक, हे कळणार कसे?

हा प्रश्न आज आपल्या अगदी दारात आला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावेत, असे त्यात म्हटले आहे. मुंबई-पुण्यातील महाविद्यालये ही नेमणूक कशीतरी करतील. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातील संस्थांचे काय? तिथे बहुधा नुकतीच एम.ए. झालेली किंवा अजून शिकत असलेली एखादी मुलगी आठवड्यातून दोन दिवस लोकलने येईल. तिला आपण छात्र-समुपदेशक म्हणू. तिच्या पाठीशी कोण असेल, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

पाठीशी असणाऱ्या या व्यक्तीला पर्यवेक्षक म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की परीक्षेच्या वर्गात कॉपी पकडत फिरणारे गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. इथला पर्यवेक्षक त्या जातीचा नाही. तो अनुभवी समुपदेशक असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, साधारण तासभर तो छात्र-समुपदेशकाबरोबर बसतो आणि झालेल्या भेटींविषयी बोलतो. विद्यार्थ्यांना भेटते ती छात्रा. पण त्यांच्या सुरक्षिततेची व्यावसायिक जबाबदारी पर्यवेक्षकाकडेही असते.

या पद्धतीला आता शतक उलटून गेले आहे. १९२० मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचे एक सार्वजनिक चिकित्सालय सुरू झाले. तिथे शिकाऊ विश्लेषकांनी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहण्याची रीत मॅक्स आइटिंगॉन यांच्या पुढाकाराने पक्की झाली. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिने बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य, त्याचा लेखी अहवाल आणि त्यावर पर्यवेक्षकाशी ठरलेली भेट हा क्रम आपल्या राज्यात तेव्हापासून रुजत गेला. खुद्द ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापन केली. म्हणजे ज्याला विचारावे असे अनुभवी माणूस लोकलच्या टप्प्यातच आहे. अडचण अंतराची कमी आणि सवयीची जास्त आहे.

पर्यवेक्षणाच्या त्या तासात नेमके काय होते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, अकरावीतील एक मुलगी खर्डीजवळच्या पाड्यावरून येते. पाड्यापासून स्टेशनपर्यंत पायी, तिथून कसारा लोकलने महाविद्यालयात. वर्गशिक्षकांनी तिला ‘लक्ष नसते’ म्हणून पाठवले आहे. भेट संपल्यावर छात्रा आठवून आठवून संवाद लिहून काढते. पानाच्या डाव्या बाजूस बोलणे, उजव्या बाजूस त्या क्षणी स्वतःला काय वाटले ते.

“डोकं दुखतं मॅडम. वाचलेलं राहत नाही.”
“किती तास अभ्यास करतेस?”
“जमेल तेवढा.”
“मग आपण वेळापत्रक करू या का?”
“चालेल.”

पुढे पाऊण पान वेळापत्रक आहे. पहाटे पाच ते सात गणित, असे बरेच. छात्रेला भेट चांगली झाली असे वाटते. पर्यवेक्षिका वाचतात आणि एकाच जागी बोट ठेवतात. “‘जमेल तेवढा’ म्हणाली. तिथे तू थांबली का नाहीस? घरी सध्या कोण कोण आहे?” छात्रेला माहीत नाही. उजव्या बाजूला तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे : ‘मला काही सुचेना. तिने इथून काहीतरी घेऊन जावे असे वाटले.’ सगळी गोम याच ओळीत आहे. वेळापत्रक मुलीला हवे होते म्हणून झाले नाही, छात्रेची अस्वस्थता शमवायला झाले.

पुढच्या भेटीत ती नुसते विचारते, “जमेल तेवढा म्हणजे कसा गं?” आणि कळते, की दिवाळीनंतर आई-बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले आहेत. घरी आजी आणि दोन लहान भावंडे. पाणी, स्वयंपाक, भावंडांची शाळा, मग स्टेशन. पहाटे पाच ते सात गणित! मुलगी ‘चालेल’ म्हणाली ती मॅडमना वाईट वाटू नये म्हणून. शहापूर-मुरबाडमधील शिक्षकाला दिवाळीनंतरच्या हजेरीपटावरून हे सहज ओळखू येईल. शहरातून येणाऱ्या छात्रेला ते माहीत असण्याचे कारण नाही. त्यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते. समुपदेशनाचे तंत्र पर्यवेक्षकाकडून शिकता येते, पण गाव कळण्यासाठी तिथल्या शिक्षकांशी तिचे बोलणे असावे लागते. हे बोलणे त्या भागाविषयी असावे, एखाद्या मुलीने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींविषयी नव्हे.

आठवणीतून लिहिलेला संवाद पुरेसा असतो का? नसतो. १९४० च्या सुमारास कार्ल रॉजर्स यांनी ओहायो राज्य विद्यापीठात समुपदेशनाच्या भेटी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तेव्हा फीत नव्हती. तबकड्या होत्या आणि त्या काही मिनिटांनी बदलाव्या लागत. त्यांचे सहकारी बर्नार्ड कोव्हनर यांनी समुपदेशकांच्या लेखी नोंदी ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्या. लिहिलेले बहुतांशी खरे होते, पण बोलण्याचा फार मोठा भाग नोंदीतून गळून गेला होता. म्हणून आज जिथे शक्य आहे तिथे विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन भेट ध्वनिमुद्रित करतात, पर्यवेक्षणात तिचा थोडा भाग ऐकतात आणि नंतर पुसून टाकतात. संमती मिळाली नाही तर उजव्या-डाव्या बाजूची वही आहेच. माझ्या मते आपल्याकडे वहीच बरी. ‘रेकॉर्डिंग’ हा शब्द ऐकूनच गप्प होणारी मुले पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, सुरुवातीला ठीक आहे, अनुभवाने माणूस आपोआप तयार होईल. दुर्दैवाने तसे दिसत नाही. सायमन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातील १७० उपचारकांची आणि त्यांनी पाहिलेल्या ६,५९१ व्यक्तींची माहिती तपासली. वर्षे सरली तसे उपचारकांचे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत. उलट अगदी किंचित खालावले. त्याआधी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० उपचारकांना विचारले होते, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची स्थिती शेवटी बिघडलेली असेल? ५५० पैकी त्यांनी फक्त तिघांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती बिघडली, आणि त्या तिघांपैकी एकाचाच अंदाज खरा ठरला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. गणिताच्या शिक्षकाला उत्तर चुकले की लगेच दिसते. समुपदेशकाला दिसत नाही. ज्याला बरे वाटले नाही तो बहुधा तक्रार करत नाही, तो पुढच्या वेळी येतच नाही. आणि न आलेला विद्यार्थी ‘बरा झाला असेल’ म्हणून खात्यावर जमा होतो. जिथे प्रत्याभरण नाही तिथे अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, कौशल्य वाढेलच असे नाही. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेने म्हणूनच नियम केला आहे, की काम करणाऱ्या सदस्याने, तो कितीही ज्येष्ठ असो, नियमित पर्यवेक्षण घ्यावे.

मात्र पर्यवेक्षण ठेवले की सगळे कळते, असेही नाही. निरीक्षक येणार म्हटले की हुशार मुले पुढच्या बाकावर येतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. निकोलस लॅडनी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १०८ प्रशिक्षणार्थींना विचारले, तेव्हा सुमारे ९७ टक्क्यांनी पर्यवेक्षकापासून काही ना काही लपवल्याचे सांगितले. त्यात स्वतःच्या चुका होत्या आणि पर्यवेक्षकाविषयीची नाराजीही होती. जो गुण देणार तोच ऐकणार, अशी व्यवस्था असेल तर लपवाछपवी वाढणारच. निदान महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी पर्यवेक्षक होऊ नये. ते नेमणूक करतात, शिस्तीचेही तेच पाहतात.

आता आपल्या उदाहरणातील मुलीकडे पुन्हा वळू. तिसरी भेट. वेळ संपली, तिने दप्तर उचलले, आणि दाराशी जाऊन म्हणाली, “कधी कधी वाटतं मॅडम, आपण नसलेलंच बरं. जाते, गाडी सुटेल.” जड गोष्ट दाराशी बोलली जाते, हा अनुभव सर्वत्र आहे, इथे तिला लोकलच्या वेळेचे निमित्त मिळते. पर्यवेक्षणाशिवाय काम करणारी छात्रा इथे दोनपैकी एक करते : घाबरून ‘असं बोलू नये हं’ म्हणते, किंवा पुढच्या आठवड्यावर टाकते. दोन्ही धोक्याचे आहे.

चांगल्या केंद्रात याची तालीम पहिल्याच महिन्यात झालेली असते. गाडी सुटू द्यायची. मुलीला पुन्हा बसवायचे आणि साध्या शब्दांत विचारायचे, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, आतापर्यंतच्या अभ्यासांत तसा पुरावा मिळालेला नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटे सोडायचे नाही. त्याच वेळी पर्यवेक्षिकेला फोन लावायचा. त्या दिवशी त्या किंवा त्यांच्या बदली दुसरे कोणी फोनवर उपलब्ध असलेच पाहिजे; आठवड्याच्या तासाची वाट पाहण्याची ही बाब नव्हे. घरचे कोणते मोठे माणूस, डॉक्टर कोण, आज रात्री ती कोणाजवळ असेल, हे दोघींनी ठरवायचे. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास आणि मोफत असते. हा क्रमांक मुलीलाही द्यायचा. पण क्रमांक दिला म्हणजे काम झाले, असे नाही.

इथे गुप्ततेचा प्रश्न येतो. पहिल्या भेटीत छात्रेने ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन टाकले असेल, तर आता ती अडकते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचे असते : मी अजून शिकते आहे, माझ्या वरिष्ठांशी मी या भेटींविषयी बोलते, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प राहणार नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांकडे देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुले या वयातच येतात. हे सांगितल्यावर मुले बोलणार नाहीत, अशी भीती वाटते. काही जण सुरुवातीला हात राखून बोलतातही. तरीही पुढे वचन मोडण्यापेक्षा हे बरे.

या कामाचा परवाना देणारी व्यवस्था आपल्याकडे अपुरी आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. समुपदेशकांचा अंतर्भाव २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत झाला. पण दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी दिसली म्हणून आत बसणाऱ्याने देखरेखीखाली काम केले आहे, असे धरून चालता येत नाही. नेमणुकीच्या वेळी पदवीबरोबर एक साधा प्रश्न विचारावा : तुमचे पर्यवेक्षण कोण करते, आणि कोणत्या वारी? उत्तर नसेल तर ती सोय संस्थेने करायची, आणि तो तास छात्रेच्या कामाच्या वेळातच धरायचा. प्रत्यक्ष भेट अवघड असेल तर दूरध्वनीवर चालते, पण तेव्हा खोलीत दुसरे कोणी नको. वही कुलपात ठेवायची, आणि त्या वहीत विद्यार्थ्याचे नाव लिहायचे नाही.

राहता राहिली एक गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. छात्रेचे वर्ष एप्रिलमध्ये संपते. मुलीचे आई-बाप भट्टीवरून परतायचे असतात, आणि जिच्याशी ती बोलू लागली ती मॅडम निघून जाते. म्हणून निघण्याची तारीख पहिल्या भेटीतच सांगतात, शेवटच्या तीन-चार भेटींत तिचा पुन्हा उल्लेख करतात, आणि जूनमध्ये नवी छात्रा येईपर्यंत कोणाकडे जायचे त्याचे नाव मुलीच्या हाती देतात. मुलीची हरकत नसेल तर शेवटच्या भेटीला ती व्यक्तीही दहा मिनिटे येऊन बसते.