छपरावर सूर्य, घरात अंधार

वीज निर्माण करणारा जिल्हाही अंधारात राहू शकतो, हा अनुभव बीड जिल्ह्याला नवा नाही. परळी वैजनाथ येथे सत्तरच्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्र आहे. तरीही 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील घरे दिवसाकाठी कित्येक तास विजेविना राहिली. पुढे 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळाने पाणी आटले आणि हे केंद्रच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या विजेला पाणी लागते आणि पाण्याचा तर या जिल्ह्यात नेहमीच तुटवडा. सौर पॅनेलला मात्र धूळ धुण्यापुरतेच पाणी पुरते आणि ऊन येथे विपुल आहे. तेव्हा सौर ऊर्जेचा विचार बीडने करावा, हे ओघानेच आले.

भारनियमनाचे ते पर्व आता सरले असले, तरी वादळवारा, रोहित्रातील बिघाड, दुरुस्तीची कामे यांमुळे वीज जाण्याचे थांबलेले नाही. परीक्षेच्या दिवसांत किंवा वैशाखातील रात्री गेलेली वीज कुटुंबाला फार जाचते. अशा वेळी छपरावरील पॅनेलकडे आशेने पाहिले जाते आणि नेमकी येथेच एक मोठी गफलत होते.

केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते. या योजनेखाली सर्रास बसविली जाणारी यंत्रणा वाहिनीशी जोडलेली असते. तिने वीजबिल उतरते, हे खरे. परंतु वाहिनीतील वीज गेली की ही यंत्रणाही आपोआप बंद पडते. मग भर दुपारचे ऊन का असेना! हा यंत्रातील दोष नव्हे. घराघरांतून वीज तारांत उतरत राहिली, तर खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून केलेली ही तजवीज आहे. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर हवा. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा भार ज्याचा त्याने सोसावयाचा असतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर स्वस्त वीज आणि खात्रीची वीज या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिलीची किंमत बिलातील बचतीतून वसूल होते. दुसरी हा एक प्रकारचा विमा आहे. त्याचा हप्ता भरावाच लागतो आणि म्हणून तो गरजेपुरताच घ्यावा.

गरजेचा हिशेब अवघड नाही. 75 वॅटचे दोन पंखे आणि 9 वॅटचे चार दिवे चार तास चालविण्यास सुमारे पाऊण युनिट वीज लागते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट मावतात. परंतु तिचे आयुष्य राखावयाचे, तर निम्म्याहून अधिक वीज उपसू नये. म्हणजे एका बॅटरीत चार तासांची निश्चिंती होते. स्वच्छ उन्हात 300 वॅटचे पॅनेल ती दिवसभरात पुन्हा भरू शकते. तेच पंखे 30 वॅटचे, नव्या धाटणीचे घेतले, तर खप निम्म्यावर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ टिकते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, हाच यातील व्यवहार होय. याउलट 1,000 वॅटची इस्त्री ती बॅटरी तासाभरातच रिती करील.

बाजारात ‘सोलर जनरेटर’ म्हणून विकली जाणारी पेटी काही स्वतः वीज निर्माण करीत नाही. ती बॅटरी व इन्व्हर्टर यांची जोडी असते. वीज येते ती सोबतच्या पॅनेलमधून. जाहिरातीत ठळक छापलेले वॅट ती पेटी एका वेळी किती भार पेलते, एवढेच सांगतात. किती वेळ पेलते, हे कळण्यासाठी वॅट-तासांचा आकडा विचारला पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा बदलीच्या नोकरीतील शिक्षकाला मात्र अशी हलविता येणारी छोटी पेटी सोयीची ठरते, कारण छप्पर त्याच्या मालकीचे नसते. नुसत्या अभ्यासापुरता तर सौर दिवाही पुरतो. मुंबईच्या आयआयटीने महाराष्ट्रासह चार राज्यांतील ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत सुमारे 10 लाख सौर दिवे पोचविले, ते स्थानिक लोकांच्या हातून जुळवून घेत. वस्तूइतकीच तिची दुरुस्ती जवळ असणे महत्त्वाचे, हा त्यातील धडा आहे.

तथापि प्रश्न केवळ घरापुरता नाही. नळाला पाणी येईना, तेव्हा ज्याला परवडले त्याने कूपनलिका खोदली. भूजल खोल गेले आणि नळयोजनेसाठी भांडणारा आवाजही क्षीण झाला. विजेचेही तसेच होण्याचा धोका आहे. बोलका मध्यमवर्ग आपापल्या बॅटरीच्या उजेडात निश्चिंत झाला, तर ऊसतोडीहून परतलेल्या मजुराच्या घरातील अंधाराची तक्रार कोण करणार? पुरवठा पूर्ववत करण्यास विलंब झाल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत आहे. घरात बॅटरी जरूर असावी. पण वीज गेल्यावर तक्रार नोंदविण्याची सवय तिच्यामुळे सुटू नये.